मागचं दार

माँटगोमेरी,
१२ फेब्रुवारी १९५६

ती. ऑर्डेलियाताईस,
सा. न. वि. वि.

गाडीचा सांगाडा, आठ जणांची बाकं, छप्पर, पायरी, दोन्ही दारं, दारांच्या कड्या. एवढं मी माझ्या हातानं केलं. इंजिन तेवढं पाव वाटणाऱ्या एका जुन्या गाडीचं, तेही सगळं खोलून पुन्हा बसवलं. शिकवायला कुणी नव्हतं, हे तुला ठाऊक आहेच.

आपण काळ्यांनी इथल्या बसवर बहिष्कार घालून तिसरा महिना चाललाय. पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, उतरून मागच्या दारानं चढायचं, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं बस हाकली तर धुरात उभं राहायचं. आता पुरे झालं. गोऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या बायकांना मी सकाळी सोडतो आणि मग त्या गोऱ्या हॅग्वुडच्या गॅरेजात कामाला जातो. पेट्रोल चर्च देतं. पोलीस रोज काहीतरी खोट काढून अडवतात.

पण जीव जळतोय तो वेगळ्याच गोष्टीनं. परवा मी पुढचं दार उघडं धरून उभा होतो, आणि हेस्टरमावशी वळसा घालून मागच्या दारानं चढल्या. त्यांच्यामागून बाकीच्याही. माझ्या गाडीत! मी चिडलो, तर म्हणाल्या, "अरे, पायच तिकडे वळले."

आज मागचं दार रिव्हेट ठोकून बंद करून टाकलं.

तुझ्या भावजयीचा, वर्नेलचा, नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
लेम्युअल


शिकागो,
२० फेब्रुवारी

चि. लेम्युअल यास,
अनेक आशीर्वाद.

रिव्हेट किती इंचांवर ठोकले ते लिहायचं कसं राहिलं, असं तुझे मेहुणे विचारताहेत.

थट्टा राहू दे. तिकडे माणसांच्या घरांवर बॉम्ब पडताहेत आणि तू आठ बायकांना एकच दार ठेवतोस? गाडी पेटली तर त्या बाहेर कुठून पडतील? साठ वर्षांची सवय ठोकून जात नाही रे बाबा. रागावलास कुणावर, त्या बायकांवर?

दुसरी काळजी हॅग्वुडची. तू गाडी चालवतोस हे त्याला कळलं, की त्या दिवशी तुझी नोकरी गेली. इकडे यांच्या कारखान्यात जागा आहे. वर्नेलला घेऊन निघून ये. उलट टपाली कळव.

तुझी,
ताई


माँटगोमेरी,
१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं होतं. वाचून दोन दिवस मी घरात धुसफुसत होतो, हे वर्नेल तुला कळवणारच, म्हणून आधीच लिहितो. रिव्हेट काढले. आता ते दार आतून उघडतं, बाहेरून त्याला कडीच नाही. हेस्टरमावशी सवयीनं मागे गेल्या, दार चाचपलं, आणि मला लबाड म्हणत पुढे येऊन माझ्या शेजारी बसल्या. तेव्हापासून गाडी कशी चालवायची ते मला रोज शिकवतात.

हॅग्वुडला कळलं. गेल्या मंगळवारी त्यानं मला काढलं. अकरा वर्षं इंजिनं मी दुरुस्त केली, पण पगार शेवटपर्यंत झाडूवाल्याचा. वर्नेल शिवणाची कामं घेतेय. जेवणात सध्या मका आणि वाटाणे. शिकागोला मात्र येत नाही. सकाळी सहाला कोपऱ्यावर बायका उभ्या असतात.

मेहुण्यांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
लेम्युअल

ता. क. काल हॅग्वुड स्वतः दारात आला. त्याच्या दोन लॉऱ्या कुणाच्यानं सुरू होईनात. म्हणाला, हेड मेकॅनिक म्हणून परत ये, गोऱ्या मेकॅनिकचाच पगार देतो, फक्त बायकांची ने-आण बंद कर आणि ती गाडी मला विकून टाक. मी नाही म्हटलं. गाडीचे तो नऊशे डॉलर, म्हणजे माझा जवळजवळ वर्षाचा पगार, रोख देत होता.