डाव्या बाजूची खिडकी

राहाता,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

लाडक्या गीताआत्याला भारतीचा वाकून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकून चुलीपाशी ठेवतेस आणि माझं बोलणं अख्खी आळी ऐकते. मागं नुसतं 'कणकण आहे' म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी दगडाबाईच्या काढ्याची पुडी एसटीनं हजर! माझ्याबरोबर कामाला असलेली पंकजा उद्या तिसगावला माहेरी निघालीय, तिच्या हाती हे देतेय. एकटीच वाच.

विमानतळावर माझं छान चाललंय. विमान उतरलं की हातांच्या खुणा करून त्याला जागेवर आणायचं, चाकांना ठोकळे लावायचे, बॅगा उतरवायच्या, नव्या भरायच्या. उन्हानं काळी ठिक्कर पडलेय. तुझे भाऊ, आमचे नाना, अजून गावभर सांगतात की आमची पोरगी विमान चालवती. तू तरी त्यांना समजाव गं. 'विमान थांबवती' म्हणावं, ते तरी खरं आहे.

ट्रेनिंगच्या आधी तुझ्या रानात सराव केला होता, आठवतं? बाजरीची दोन कणसं हातात धरून मी सुनीलचा ट्रॅक्टर मागंपुढं घेत होते. डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की थांबायचं. तू बांधावरनं ओरडलीस, "आगं, बाजरी झाडतीस का ट्रॅक्टर हाकतीस?" तेवढ्यात कानाशी माशी आली म्हणून मी हात वर नेले, तर तुझ्या लेकानं कचकन ब्रेक मारला आणि वैरणीची सगळी थप्पी खाली. मार त्यानं खाल्ला. "आई, हिनंच थांब म्हनलं!" म्हणून बिचारा ओरडत होता आणि मी पोट धरून हसत होते. तेव्हापासून मी फुली केली की सुन्या जिथं असेल तिथं थांबतो. घास तोंडात असला तरी.

शनिवारी तो वर्षभराच्या कामाला हैदराबादला गेला, आमच्याच विमानतळावरून. तू दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीतली अर्धी मला दिली. आणि बातमीही दिली, की येत्या रविवारी तू त्याच्यासाठी काष्टीला मुलगी बघायला जाणार आहेस.

तुझं काही चुकलं नाही, आत्या. दिवाळीत तू मला जवळ बसवून विचारलंस, "व्हशील का माझी सून?" आणि मी 'चहा उतू चाललाय' म्हणून आत पळाले. चहा उतू चालला नव्हता. चहा ठेवलाच नव्हता.

मी घाबरले होते. नाना म्हणतात, लग्न झालं की नोकरी बास. तूही तेच म्हणालीस तर? तुला नाही म्हणायची माझी छाती नाही आणि हे काम सोडायची तर त्याहून नाही. म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याला तू नकार समजलीस, कुणीही समजलं असतं.

शनिवारी सुनील म्हणाला, "मला तुझ्या नोकरीची काय अडचन न्हाई. पन आईला कोन सांगनार?" मी म्हटलं, "चल, वेळ झाली. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर बघ, मी दिसेन." पुन्हा चहाच!

निघताना विमान ट्रॅक्टरनंच मागं ढकलतात. मग पुढच्या चाकापाशी लावलेली पिन काढायची. तिला लाल पट्टी असते. ती उंच धरून पायलटला दाखवायची आणि अंगठा करायचा, म्हणजे सगळं मोकळं आहे, जा बिनघोर. शनिवारी ते काम माझ्याकडे होतं. आत्या, पिन हातात घेतली आणि हात वर जाईना. फुली केली असती तर अख्खं विमान थांबलं असतं, सुन्यासकट! पण आत एवढी माणसं बसलेली, आपल्या घरच्या गोंधळात त्यांनी का अडकावं? पिन दाखवली. अंगठा केला.

मग खिडक्यांकडं बघितलं. पंखाच्या अलीकडच्या खिडकीत सुनील होता. दोन्ही हात काचेला टेकवून त्यानं फुली केली होती. जाणारा तो, आणि थांब म्हणत होता मला. मला रडू कोसळलं. पंकजानं विचारलं, "धूळ गेली का डोळ्यात?" म्हटलं, व्हय.

तर आता दिवाळीच्या प्रश्नाचं उत्तर घे. व्हय, आत्या. मला तुझ्या घरी यायचंय. मला सुनील हवाय. नोकरी मात्र सोडणार नाही, हे आधीच सांगते. त्याचं हैदराबादचं वर्ष संपलं की इथंच राहात्यात खोली करू, सुगीला दोघंही तुझ्याकडं येऊ. नानांना तूच सांग, तुझ्यापुढं त्यांचा आवाज चढत नाही. हे पटलं नाही तर मला खुशाल झोड. मढीच्या यात्रेला येतेच आहे, समोर उभी राहीन.

फक्त रविवारी काष्टीला जाऊ नकोस. त्या पोरीला उगाच साडी नेसून पोह्यांची बशी घेऊन यायला लावू नकोस. मी इथं डोक्यावर दोन्ही हातांची फुली करून उभी आहे असं समज. विमान थांबतं, सुन्या थांबतो. तूही थांब, आत्या.

तुझी भाचीच अजून,
पुढचं नातं तू म्हणशील तेव्हा लिहीन,
भारती