फ्लेक्सवरची अबोली

प्रिय मधुकर,

बाकावर बोटांनी धरलेला तो ताल अजून कानात आहे. टक्-टक्, टक्. कविता म्हणताना तू तो धरायचास आणि मास्तर छडी बाजूला ठेवून डोळे मिटायचे. पुस्तक तुझ्यापुढे उघडं असायचं, बहुतेक वेळा उलटं. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, म्हणायचास. म्हणून शाळा सुटल्यावर देवळाच्या ओट्यावर मी वाचायचो, तू ऐकायचास. एकदा ऐकलेलं कडवं तुझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

माझी नात अबोली, श्रुतीची मुलगी, आता आठवीत आहे. तिचीही अक्षरं थांबत नाहीत. तपासण्या झाल्या, दाखला मिळाला: प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला माणूस द्यावा, वेळ वाढवून द्यावा. तिच्या खारघरच्या शाळेने दाखला घेतला, माणूस काही दिला नाही. पोरीने कोरा पेपर दिला, तेव्हा मात्र आम्हाला तत्परतेने बोलावलं.

काय थाट रे तो! गारेगार खोली, बशीत बिस्किटं, भिंतीवर पडदा. मुख्याध्यापिकाबाई गोड हसून म्हणाल्या, "आजोबा, टेन्शन नका घेऊ. अबोली इतकी स्वीट आहे! पण तिच्या भल्यासाठीच दुसरी शाळा बघा ना." आमचा जावई अभिराम म्हणाला, "मॅडम, वाचून दाखवायला एक माणूस मागतोय, चंद्र नाही मागत." त्यावर एका टायवाल्या समुपदेशकाने पडद्यावर रंगीत आलेख दाखवला. इतर पालकांना हा अन्याय वाटतो म्हणे. चष्मा लावणाऱ्या मुलांबद्दलही तक्रारी येतात का, असं श्रुतीने विचारलं, तर तिच्यापुढे चहा सरकवला. वर्गशिक्षिका रंजिता कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. मला तिची किळस आली. बाकीच्यांची तेवढीही लायकी नव्हती.

बाहेर पडलो, तर फाटकावर भलामोठा फ्लेक्स: 'इथे प्रत्येक मूल आमचं'. आणि फोटो कुणाचा? अबोलीचा! स्नेहसंमेलनात कविता म्हणतानाचा. मुलगी नको, पण प्रवेशांच्या जाहिरातीला तिचं हसू चालतं. खाली शाळेच्या अध्यक्षांचा फोटो. तुझा, मधुकर. कोट छान बसलाय.

शाळेच्या उद्घाटनाचं भाषण मीच तुला वाचून दाखवलं होतं. दोनदा ऐकलंस आणि कागदाशिवाय असा बोललास की लोक म्हणाले, काय ही स्मरणशक्ती! तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आता त्या टाळ्या आठवल्या की तोंड कडू होतं.

आम्ही शिक्षण खात्याकडे तक्रार केली आहे. गुरुवारी सुनावणी आहे आणि शाळेच्या बाजूने तू बसणार आहेस, असं कळलं. हरलो तर अबोलीची शाळा सुटेल. तरी तुझ्या उलट्या पुस्तकाचा विषय मी तिथे काढणार नाही. ते सांगायचं तर तू सांगायचंस. फक्त उद्या 'मला कुणी बोललंच नाही' म्हणायची सोय तुला राहू नये, म्हणून हे लिहितोय. तू हे वाचणार नाहीस. तुझी सून राजलक्ष्मी वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच. तुला वाचून दाखवायला आजही घरात माणूस आहे.

थांब, बेल वाजली. दारात रंजिताबाई उभ्या आहेत, घामाघूम. म्हणताहेत, "काका, गुरुवारी मी पण येते. माणूस द्यायचा नाही असं आम्हाला वरून सांगितलं होतं, ते मी बोलणार. नोकरी गेली तर गेली."

अजून तरी तुझाच,
सुधीर