देवांखालची तिसरी डिस्क

१४ सप्टेंबर, रविवार

संपलं एकदाचं रेकॉर्डिंग! बाबा रेल्वेत असताना उज्जैन स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायचे. शेवटची वाक्यं त्यांनी मुद्दाम त्याच सुरात वाचली. मी नको म्हटलं, तरी. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना बोलता येणार नाही. इंदूरचे काही लोक या रेकॉर्डिंगवरून मशीनचा आवाज तयार करतात — टाइप केलं की बाबांच्या आवाजात बोलेल. फाइल्स गेल्या तर पुन्हा रेकॉर्ड करायला आवाजच नसेल.

म्हणून तीन डिस्कवर कॉपी. एक इथे नानाखेड्याला घरात, दुसरी इंदूरला माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, तिसरी भैरवगढला माईकडे. माई म्हणजे माझी आत्या. तिने डिस्कला हळदकुंकू लावलं, स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा देवांच्या चौरंगाखाली सरकवला. पावसाळ्यात तिच्या घरात ओल नसलेली तेवढीच जागा. मला चालतं.

१८ सप्टेंबर

बाबा दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. बोलत नाहीत. आत्तापासून सराव करतायत म्हणे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

बाबांनी खीर अर्धीच खाल्ली.

आठवड्याचा बॅकअप झाला. मी केलेली सोय चांगली आहे, स्वतःच म्हणते. सगळं पुन्हा कॉपी होत नाही, बदललं असेल तेवढंच. कॉम्प्युटरवरून काही पुसलं की डिस्कवरूनही पुसलं जातं, कचरा साठत नाही. घरची आणि ऑफिसमधून आणलेली, दोन्ही डिस्क चहा होईपर्यंत तयार. माईची उद्या आणते.

२२ सप्टेंबर

भैरवगढला जाऊन रिकाम्या हाताने परत. माईकडे घट बसले. म्हणाली, “नीहू, दशहरे तक देव हलत नाहीत. तुझी डब्बी त्यांच्या खाली आहे. मी क्या करूं?”

राहू दे. तशाही दोन आहेत.

२४ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. ठीक आहेत. पाटी आणि खडू दिलाय.

२७ सप्टेंबर

इंदूरवाल्यांना फाइल्स पाठवायला बसले. फोल्डर नाही!

घरच्या डिस्कवर नाही. ऑफिसच्या डिस्कवर नाही. कॉम्प्युटरवरून कसं कोण जाणे पुसलं गेलं आणि माझ्या बॅकअपने इमानेइतबारे दोन्हीकडून पुसून टाकलं. पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. फाइल्सची नावं सापडली, आत काही नाही.

एकाच माणसाला तीन ठिकाणी बसवून मी त्यांना तीन वेगळे साक्षीदार समजत होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

२८ सप्टेंबर

उरली माईची. मागे राहिली म्हणून वाचली असेल. पण वर अखंड दिवा, बाजूला घटाची ओली माती, रोज पाणी! माईला सगळं सांगितलं. ती रडली, पण देव हलवायला तयार नाही. दादाचा आवाज देवीच्या पायाशी आहे, तिथून कुठे जातोय, असं तिचं म्हणणं. मी ओरडले तिच्यावर. मग तिनेच जेवायला वाढलं आणि मी जेवले.

बाबांना दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, “जाऊ दे.” जाऊ दे कसं?

३० सप्टेंबर

काही नाही. माईला फोन केला. दिवा जळतोय.

२ ऑक्टोबर, दसरा

घट उठले. माईने आधी सोनं दिलं, मग डबा. झाकणावर तेलाचा थर, कडेला माती. डिस्क मात्र कोरडी. कुंकू तसंच.

तिथेच माईच्या पलंगावर बसून लॅपटॉपला लावली. फोल्डर आहे. सगळं आहे! शेवटचीच फाइल आधी लावली — यात्रीगण कृपया ध्यान दें. माई पदराने डोळे पुसत म्हणाली, “गाडी आली बघ दादाची.” मला हसू आलं आणि मग आवरेना.

लगेच वेगळ्या दोन कॉप्या केल्या. एक डिस्क यापुढे मुद्दाम मागे ठेवायची, आपोआप काहीही पुसायचं नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं, कामच आहे माझं ते. फाइल्स इंदूरला उद्या पाठवते. आधी बाबांना सांगायचं.

३ ऑक्टोबर

दवाखान्यात लॅपटॉप घेऊन गेले. फोल्डर सापडल्याचं सांगितलं. बाबांनी पाटी ओढून घेतली. “मीच पुसलं होतं. पितृपक्षात स्वतःचा आवाज ऐकवेना. गेलेल्या माणसासारखा वाटला.”

त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

“लाव.”