गाडी सागवान नोहे

नाई बाबा, गाडी म्हंजे सागवान नोहे. किती खेप सांगतलं तुमाले! पण लाकडाच्या डेपोत जिंदगी काढलेला माणूस, तुमचं एकच, "माल मुरू दे बे, जुना झाला का भाव चढते." रिटायरचे पैसे टाकून राजुऱ्याच्या ठेकेदाराची ती लांबलचक डिक्कीवाली गाडी घेतली, अन् बांबूच्या तट्ट्याच्या मांडवात ताडपत्री टाकून मुरत ठेवली. सीटवरची पन्नी काढू देली नाई. मी चाबी मांगतली का, "झिजवतं का तिले?" ताईच्या लग्नात नवरदेव दुसऱ्याच्या जीपनं आणला, अन् आपली गाडी मांडवात! आठवलं का अजून किळस येते.

आता मी हैदराबादले जुन्या गाड्यायच्या यार्डात गाड्या धुतो. रोज पाहून राह्यलो. शोरूमच्या बाहेर चाक पडलं का भाव पडते, नवं मॉडेल आलं का अजून पडते, नुसती उभी ठेवली तरी पडते. मोठ्या गाडीचा सगळ्यात पयले. स्वस्तात घेणाऱ्याले तिचे पार्ट परवडत नाई, अन् ज्याले परवडते त्याले आता उंच गाडी पायजे. सेठ म्हणते, "हाथी मरा तो सवा लाख का बोलते, ये मरा तो उठाने का खर्चा."

तुमी गेल्यावर आईनंबी तिले हात लावू देला नाई. पोळ्याले बैलासारखी ओवाळे. यंदा मांडवच बसला, तवा कुठी "विक" म्हणाली. मी गावाले गेलो. भंगारवाल्यानं बोनेट उघडलं, आत उंदरायचा संसार, वायरी खाल्लेल्या. "भाऊ, हे गाडी हाय का धानाची कणगी?" असं म्हणून हसला अन् चाळीस हजार देले.

आई अंगणातच उभी. "तुझे बाबा म्हणत, तीन लाखाच्या खाली देजो नोको. भेटले ना?"

तोंडातून निंगून गेलं, "भेटले. पण गिऱ्हाईक हप्त्यानं देते."

"पाह्य! त्यायले समजत होतं."

आता आई गावभर सांगत फिरते का तुमचं खरं झालं. फोनवर ऐकतो अन् हो म्हणतो. मेलेल्या माणसाचा भाव मी भरून राह्यलो, बाबा. तिले खरं सांगाले जीभ उचलत नाई, अन् हे कागदबी मी कोणाले दाखवत नाई. ह्या महिन्याचा हप्ता गिऱ्हाईकाच्या नावानं आईले पाठवून राह्यलो, आठ हजार.