हात टेबलावर

डोंबिवली (पूर्व),
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

नंदावहिनी,

नमस्कार. घरी सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील. कृतिकाचं बारावीचं कॉलेज सुरू होऊन आता तीन महिने झाले. आमच्या हर्षितची रसायनशास्त्राची पुस्तकं विनिताने तिच्यासाठी काढून ठेवली आहेत, टिटवाळ्याला येणारं कुणी भेटलं की पाठवतो. इकडे ठीक. गणपती दीड दिवसाचा होता, आरास केली नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज आता फार छान लागतो. म्हणून लिहितोय.

त्याचं असं झालं, की जूनमध्ये कंपनीने मला शिकवणी लावली. रुपाली मॅडम म्हणून एक तिशीच्या बाई दर शनिवारी मीटिंग रूममध्ये यायच्या. कसं बसायचं, कसं बघायचं, हात कुठे ठेवायचे, ते शिकवायला. त्यांना इतकंच सांगितलं होतं, की साहेबांना एका अधिकाऱ्यापुढे बोलायचंय आणि साहेब घाबरतात.

घाबरतो हे खरंच. अठरा वर्षं शिफ्ट इनचार्ज, तरी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाताना मी तुमच्या राघोला बरोबर न्यायचो. मी दारात उभा, बोलायचा तो. बाहेर आलो की सगळ्यांदेखत म्हणायचा, "साहेब, मान वर करा की जरा. चप्पल हरवलीय का?" लोक हसायचे. मीही हसायचो.

मॅडमनी पहिल्या दिवशी नुसतं उभं केलं. "सर, खांदे! कुठे चाललेत ते, कानांना भेटायला?" मग पावलं पूर्ण टेकवायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवायचा. मी म्हटलं, आतून धीर नसेल तर वरून ताठ बसून काय होणार? त्या म्हणाल्या, "आधी बसा तर. धीर मागून येतो. मलाही तसाच आलाय."

आणि आला, वहिनी. तिसऱ्या आठवड्यात अडखळणं गेलं. बँकेच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या एकाला मी हटकलं आणि तो मुकाट्याने मागे गेला. विनिता म्हणाली, "अहो, तुम्ही उंच झालात की काय?" बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. मे महिन्यापासून चहात साखर आहे की नाही हेही मला विनिताला विचारावं लागतं.

एकच वाक्य जमत नव्हतं. "कामगाराने परमिट न घेता लाइन उघडली." ते म्हणताना माझा उजवा हात मानेकडे जायचा. मॅडमनी मोबाइलवर रेकॉर्ड करून दाखवलं. "बाकी कुठल्या वाक्याला जात नाही. यालाच का जातो?" मी म्हटलं, घाम येतो. त्यांनी मोबाइल बंद केला. मग म्हणाल्या, "दोन्ही हात टेबलावर. बोटं एकमेकांत." ते वाक्य मी चाळीसेक वेळा म्हटलं. हात टेबलावर राहिला.

गुरुवारी कल्याणला अपघाताच्या चौकशीत तुम्ही पाहिलंतच. अधिकारी लिहायचे थांबून ऐकत होते. एचआरचा मितेश जिन्यात म्हणाला, "सर, एकदम आमदार!" तेही चाललं. पण तुम्ही बाकावरून उठून आलात. म्हणालात, "भावोजी, इतके दिवस मी सगळ्यांशी भांडले. आता तुम्हीच सांगताय म्हणजे ह्यांचंच चुकलं असणार." आणि तुमच्याजवळची पाण्याची बाटली मला दिलीत. मी प्यायलो.

सेहेचाळीस वर्षांत माझ्या बोलण्यावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता.

आता झालं ते लिहितो. कुठलीही पाइपलाइन उघडायच्या आधी इनचार्जने जागेवर जायचं, आतला दाब उतरलाय हे बघायचं, मग परमिटवर सही करायची, असा आमच्याकडे नियम. मी पाळी सुरू झाली की दहा-बारा कोऱ्या परमिटांवर एकदम सह्या करून पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचो. सगळेच इनचार्ज करतात. दर वेळी उठायला नको.

त्या सकाळी राघोने त्यातलंच एक भरलं. पण तो गेला नाही. दाराशी थांबला. "साहेब, दाबाचा काटा मला बरोबर वाटत नाही. बघायला येता का?"

मी कॉम्प्युटरवर आकडे भरत होतो. वर न बघता म्हटलं, "सही आहे ना? कर सुरू."

दहा मिनिटांनी आवाज आला.

मूळ परमिट राघोच्या खिशात होतं, ते काही राहिलं नाही. पुस्तक संध्याकाळी मॅनेजरच्या कपाटात गेलं. त्याआधी राघोच्या परमिटची कार्बन प्रत मी फाडून डब्याच्या पिशवीत घातली. लपवायला की जपायला, हे अजूनही सांगता येत नाही. ती सोबत जोडली आहे. अक्षर त्याचं, वेळ नऊ वीस, सही माझी.

अहवाल २२ तारखेला बंद होणार आहे. त्यात राघोची चूक लिहिली गेली की ती पुन्हा पुसता यायची नाही. त्याआधी हे पत्र आणि ती प्रत घेऊन अधिकाऱ्यांकडे जा. युनियनच्या गुणाजींना बरोबर घ्या. मला बोलावतील तेव्हा मी येईन. आधी एकट्यानेच जाणार होतो, पण त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही. हल्ली काहीही नीट बोलता येतं. कागद तुमच्या हातात असलेला बरा.

शेजारीपाजारी कृतिकाला काय बोलतात ते विनिताच्या कानावर आलंय. तिला सांगा, तिच्या बाबांनी विचारलं होतं.

सर्वेश
त्या सकाळच्या पाळीचा इनचार्ज