न झिजणारा कोळसा

१३ मे, सोमवार. वोलोंगाँग, ऑस्ट्रेलिया
माझ्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यात कोणीतरी पावाला लावायच्या व्हेजिमाइटने बरबटलेला चमचा बुडवला! या पातकाला एकाही स्मृतिकाराने प्रायश्चित्त सांगितलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख ग्रेग म्हणतो, "दोन्ही काळं, दोन्ही खारट. चमच्याला काय कळणार?"

१५ मे
नवं पत्रक छापून आलं. मॅकाडेमियाच्या टरफलांपासून भाजलेला आमचा कोळसा, सोडियम बॅटरीचा अ‍ॅनोड. पंधराशे फेऱ्या चार्ज होऊन उतरला, तरी जसाच्या तसा. न क्षरति इति अक्षरम् — नाव मीच ठेवलं. इथे सगळे 'अक्शा' म्हणतात. चालायचंच.
याच बॅटऱ्यांची पहिली पेटी टोंगात आहे, वावाउ बेटावर. प्रयोगशाळेतल्या आमच्या लविनियाच्या वडिलांचं प्राणवायूचं यंत्र एक मार्चपासून रोज रात्री तिच्यावर चालतं.

१७ मे, शुक्रवार
ऐंशीव्या फेरीनंतर चाचणीतला सेल कोसळला. ऐंशी!
कारण तासाभरात कळलं. आगीच्या भीतीने आजवर शुक्रवारी संध्याकाळी चाचणी थांबवायची, सोमवारी सुरू करायची, असा नियम होता. त्या सुट्टीत कोळशात अडकलेलं सोडियम हळूहळू सुटायचं, सेल ताजातवाना. गेल्या महिन्यात अग्निरोधक कपाट आलं. सेलची सुट्टी गेली.
वावाउच्या पेटीची आज अठ्ठ्याहत्तरावी फेरी.

१८ मे
दुसरा सेल तपासला. तोही गेला. लविनियाला उद्या सांगतो.

१९ मे, रविवार
सांगितलं. ती चर्चमधून तशीच आली, टोंगन रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळलेली. "मास्तर, तुमचा अक्शा म्हणे झिजतच नाही!" मग तिने घरी वावाउला फोन लावला.
फोन वाजतोय, कोणी उचलत नाही. ती म्हणाली, "सगळं गाव चर्चमध्ये. नंतर जेवण, नंतर झोप." तीन तास! मी नुसता आकडा घोकत होतो — ऐंशी, ऐंशी.
शेवटी तिचे सेमिसीकाका आले फोनवर. ओरडणं मलाही ऐकू आलं: "रविवारी त्या पेटीला राबवू? देवानेसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला, पोरी! शनिवार रात्र ते सोमवार, तुझा बाप सिलिंडरवर असतो. दर आठवड्याला!"
लविनिया हसली, मग रडली. पेटी आता कायमची बंद. इस्पितळातून आणखी सिलिंडर निघालेत.

२० मे
ग्रेगने पाठ थोपटली. "नशीब, तुझ्या वेळेवर लक्षात आलं." लविनियाने घरून डबा आणला, अळूच्या पानात शिजवलेलं मांस. "मास्तर, बाबांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली." मी शाकाहारी. डबा दोन्ही हातांनी घेतला.

२१ मे
चाचणीच्या आलेखात दर सोमवारी येणारा उंचवटा मला नोव्हेंबरातच दिसला होता. आलेख फार सुंदर होता, म्हणून तो का येतो ते विचारलं नाही. पेटी बोटीवर चढली तेव्हाही नाही. पुन्हा तसा आलेख समोर आला तर विचारीन का — मला माहीत नाही.