रूथची माणसं

तंजावूर,
रविवार, दुपार

प्रिय दिव्यश्री,

अक्षर पाहून हसू नकोस. तमिळ लिहिणारा हात आहे माझा. तू लग्न होऊन या घरात आलीस आणि मला देवनागरी शिकवलंस, ते अजून अंगवळणी पडायचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तू नेहमीसारख्या मनातल्या मनात सुधारून घे.

इकडे सगळं क्षेम. वेण्णारू नदीला पाणी सुटलंय. शाळेत यंदा मला चौथीचा वर्ग दिलाय. मुलं मोठी गोड, पण वाचन म्हणजे नुसती धावण्याची शर्यत! धडा धडाधडा वाचून टाकतात आणि काय वाचलंस विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतात. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टरनी मला बायबलमधल्या गोष्टींचं एक तमिळ पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "यातली एखादी घेऊन बघा. वाचून समजलं पाहिजे, एवढंच." मी आपली सकाळी मारुतीला प्रदक्षिणा घालून शाळेत जाणारी बाई. पान उघडलं ते रूथच्या गोष्टीचं.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. नामी नावाची बाई परमुलखात राहायला जाते. तिथं तिचा नवरा वारतो, मुलांची लग्नं होतात, मग दोन्ही मुलंही वारतात. ती आपल्या गावी परत निघते आणि सुनांना सांगते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक सून रडत परत जाते. दुसरी, रूथ, म्हणते, तू जाशील तिथं मी येणार, तुझी माणसं ती माझी माणसं.

मी मुलांना म्हटलं, काही प्रश्नांचं उत्तर ओळीत असतं आणि काहींचं दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत. रूथ परत का गेली नाही, ते ओळीत नाही. शोधा. मग काय, सगळी पोरं पुस्तकात नाक खुपसून ओळींच्या मधे बोटं फिरवायला लागली! आरोक्यराज म्हणून एक आहे, तो पहिला उठला. "टीचर, तिची बस चुकली!" वर्ग हसून लोळला. दुसरा म्हणाला, सासूच्या हातचं जेवण चांगलं असणार. मी म्हटलं, असेल बाबा, पण गोष्टीतली कुठली ओळ वाचून तुला तसं वाटलं, ते दाखव. तो बराच वेळ शोधत होता, बिचारा.

मग शांभवी उठली. तिची आजी ओरत्तनाडूला कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या वेचायला जाते, म्हणून रूथ लोंब्या वेचते हे कळल्यापासून ती गोष्ट तिच्या घरचीच झाली होती. ती म्हणाली, "टीचर, नामीचा मुलगा म्हणजे रूथचा नवराच की! दोघींना एकाच माणसाची आठवण येते. रूथ माहेरी गेली असती तर त्याच्याबद्दल बोलली कुणाशी असती?"

मी फळ्याकडे वळले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसला. नऊ वर्षांची पोर गं ती! कार्तिकेय गेला त्या वर्षी आपण दोघी संध्याकाळी गच्चीवर बसून त्याच्या खोड्या सांगत हसायचो, ते आठवलं. खालच्या मामींना वाटायचं, या दोघींना वेड लागलंय.

पुस्तकात गोष्ट तिथंच संपली होती, दोघी गावात पोचतात आणि रूथ शेतात जाते तिथं. मुलं ऐकेनात. "पुढे काय झालं रूथचं?" मलाच माहीत नव्हतं! सिस्टरांकडून बायबल मागून घेतलं आणि घरी पुढचं सगळं वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं. शेताचा मालक भला माणूस असतो. नामीच रूथला सांगते, न्हाऊन घे, चांगलं लुगडं नेस आणि त्याच्याकडे जा. दोघांचं लग्न होतं, बाळ होतं, आणि ते बाळ नामीच्या मांडीवर. वर्गानं टाळ्या पिटल्या, बाकं वाजवली. शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन बघून गेले.

तेवढ्यात शांभवीचा हात पुन्हा वर. "टीचर, लग्नात नामी कुणाकडची? नवरीकडची की नवऱ्याकडची?" हे ओळीतही नाही आणि दोन ओळींच्या मधेही नाही! मुलांनी आपसांत भांडून निकाल लावला. आरोक्यराज म्हणाला, रूथ म्हणालीच आहे ना, तुझी माणसं ती माझी माणसं. मग नामी नवरीकडची! इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाला इतक्या आनंदानं शाबासकी दिली नसेल.

तर आता, बाळ, पत्र का लिहिलं ते. परवा तू फोनवर गिरीशबद्दल सांगितलंस आणि विचारलंस, "अम्मा, तुम्हाला काय वाटतं?" मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं गं. इतका आनंद झाला की रडूच कोसळलं, आणि ते ऐकून तू उलटंच काही समजशील अशी भीती वाटली. फोनवर मला जमणार नाही, म्हणून हे लिहून देते. लग्न कर. तुझी आई नाही, तर तिच्या जागी मी उभी राहीन, आणि पत्रिकेत तुझ्या बाजूला माझं नाव घाल. गाडीचं तिकीट काढायला आजच शेजारच्या प्रणवेशला सांगितलंय. येताना कदंबमची रंगीबेरंगी फुलांची वेणी केळीच्या पानात बांधून आणीन, आणि दह्यातल्या डांगर पचडीसाठी उडीद भाजून दळून ठेवलंच आहे. गिरीशला तिखट चालतं का, तेवढं विचारून कळव.

तुझीच,
अम्मा